बिडी कामगारांचे बाबू हरदास

दरवर्षी १२ जानेवारीला कामठीत बाबू हरदास एल. एन. यांच्या समाधीवर आंबेडकरी जनता अभिवादनासाठी जमते. जय भीम हे अभिवादन समाजात रुजवणारा कार्यकर्ता म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण आपली भाषणे बहुधा तेवढ्यावरच थांबतात. हरदासांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, हे नव्या पिढीतील किती जणांना माहीत आहे?

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत झाला. वडील रेल्वेत कारकून होते. नागपुरात मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले. अस्पृश्य समाजात त्या काळी मॅट्रिक झालेला तरुण दुर्मीळ. त्यांना नोकरी करून सुखाने जगता आले असते. पण वयाच्या सतराव्या वर्षी, १९२१ साली, त्यांनी 'महारठ्ठा' हे साप्ताहिक काढले. १९२७ साली किसन फागुजी बनसोडे यांच्या मार्गदर्शनाखाली कामठीत रात्रशाळा सुरू केली. मुलांबरोबर मुलीही तेथे शिकू लागल्या. दिवसा काम करणाऱ्याला रात्रीच शाळा हवी, हे त्यांनी ओळखले होते.

ते दिवसाचे काम कोणते होते? कामठी, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आपल्या असंख्य कुटुंबांची चूल बिडीवर पेटत होती. बिडीला यंत्र लागत नाही. लागते ते तेंदूचे पान, तंबाखू, दोरा, कैची आणि माणसाची बोटे. पान जंगलातून येते. वर्धा जिल्ह्यात हिंगणीजवळच्या बोरच्या जंगलातही तेंदू आहे. ऐन उन्हाळ्यात पाने तोडायची, सत्तर पानांचे पुडके बांधायचे, हे काम गरिबांचेच. बिडी वळायचे कामही गरिबांचेच. मालक आणि वळणारा यांच्यामध्ये ठेकेदार. मजुरी हजारी दराने. वाईट म्हणून बिड्या छाटायच्या, त्यांची मजुरी कापायची आणि छाटलेल्या बिड्याही ठेवून घ्यायच्या, ही या धंद्यातली जुनी लूट.

सरकार काय करीत होते? कारखान्यांचा कायदा मुख्यतः यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी होता. बिडीला यंत्रच नाही, म्हणून कामगारालाही संरक्षण नाही. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात बिडीच्या कामात जुंपलेल्या लहान मुलांची दशा नोंदवली. त्यानंतर १९३७ साली मध्य प्रांतात अनियंत्रित कारखान्यांचा कायदा झाला. बिडी, लाख आणि कातडी कमावण्याचे धंदे त्यात आले. पण अट होती किमान पन्नास कामगारांची. एकोणपन्नास असले की कायदा नाही, आणि घरी बसून बिड्या वळणाऱ्या आईबहिणींचा तर त्यात विचारच नव्हता.

हरदास कायद्याची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी बिडी कामगारांचा संघ उभारला. ठेकेदाराला बाजूला सारण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू केले. कामगाराने कामगार म्हणून संघटित व्हावे आणि आपल्या मालाचा धनीही व्हावे, असा हा दुहेरी विचार होता. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तेव्हा हरदास त्यात अग्रभागी होते. १९३७ च्या निवडणुकीत ते नागपूर-कामठीतून विधानसभेवर निवडून गेले. पण शरीर साथ देईना. क्षयाने त्यांना गाठले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्यामागे काय घडले तेही पाहू. १९४३ साली सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. युद्धासाठी पैसा हवा होता. त्यासाठी तंबाखूचे वजन, गोदामे, परवाने यांची नोंद सुरू झाली. जो धंदा विखुरलेला म्हणून कामगार कायद्याच्या हाती लागत नव्हता, तो कराच्या हाती बरोबर लागला! मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत बिडीचा धंदा आला. पण घरी काम करणाऱ्यांना सामावून घेणारा बिडी कामगार कायदा यायला १९६६ साल उजाडले. १९७६ साली बिडीवर कल्याण उपकर लागला. त्यातून कामगारांना दवाखाने, घरे आणि मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. कर घेतला तर तो घाम गाळणाऱ्याकडे परत गेला पाहिजे, हे तत्त्व निदान कागदावर तरी आले.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर संपला. कर राहिला, पण त्यातला कामगारांचा राखीव वाटा गेला. कल्याणाचा पैसा आता अर्थसंकल्पाच्या मर्जीवर आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा स्वतंत्र कायदाही त्यांत विलीन झाला. बिडी शरीराला घातक आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ती वळणाऱ्या बाईला दुसरे काम कोण देणार, हे सांगायची जबाबदारी कर घेणाऱ्या सरकारची आहे की नाही?

बाबू हरदासांना अभिवादन करताना हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. वस्तीत जाऊन बिडी वळणाऱ्या भगिनींची ओळखपत्रे, भविष्य निर्वाह निधीची खाती आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या तपासल्या पाहिजेत. जेथे संघटना नाही तेथे ती बांधली पाहिजे. त्यांनी दिलेला जय भीम आपण घराघरांत पोहोचवला. त्यांनी हाती घेतलेले हे काम मात्र अजून पुरे व्हायचे आहे.

जय भीम!