बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या मेरी टीलबी

प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रे वा मांजर दत्तक घेणे ही गोष्ट आज शहरवासीयांना नवी राहिलेली नाही. परंतु १८६० मध्ये लंडनमधील एका मध्यमवर्गीय स्त्रीने हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा उघडला, तेव्हा तिच्या वाट्याला कौतुकापेक्षा उपहासच अधिक आला. मेरी टीलबी हे त्या स्त्रीचे नाव. जगभर ख्याती पावलेल्या ‘बॅटरसी’ या संस्थेच्या त्या संस्थापिका होत.

मेरी यांचा जन्म १८०१ मधील, इंग्लंडमधील हंटिंग्डनचा. माहेरचे आडनाव बेट्स. १८२९ मध्ये लाकडाचे व्यापारी रॉबर्ट टीलबी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त झाल्यानंतर त्या लंडनमध्ये येऊन राहिल्या. त्या काळी पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीला समाजात फारसा मान नसे. त्यांच्या हाती मोठी संपत्ती नव्हती आणि त्यांनी पन्नाशीही ओलांडली होती. अशा स्थितीत त्यांनी जे कार्य हाती घेतले, त्याचे निमित्त अगदी साधे होते.

१८६० मध्ये सारा मेजर या मैत्रिणीला रस्त्यावर उपासमारीने कोसळलेले एक कुत्रे आढळले. दोघींनी त्याची शुश्रूषा केली, परंतु ते वाचले नाही. लंडनच्या रस्त्यांवर अशी कुत्री पावलोपावली दिसत. काही चुकलेली, काही मालकांनी सोडून दिलेली. श्रीमंतांच्या कुत्र्यांना चोरून नेऊन खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही शहरात होत्या. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचे फ्लश हे कुत्रे अशाच चोरांनी पळविले होते आणि पैसे मोजून त्याची सुटका करावी लागली होती. ज्यांच्यासाठी पैसे मोजणारे कोणी नव्हते, अशा कुत्र्यांची दखल घेणारी मात्र कोणतीच व्यवस्था नव्हती.

मेरी यांनी आरंभी अशी कुत्री स्वतःच्या घराच्या मोरीघरात ठेवली. ती जागा लवकरच अपुरी पडली. मग हॉलोवे भागातील काही तबेले भाड्याने घेण्यात आले. पाद्री असलेले त्यांचे बंधू एडवर्ड बेट्स यांनी त्यांना साथ दिली. २७ नोव्हेंबर १८६० रोजी, प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या रॉयल सोसायटीच्या पॉल मॉल येथील कार्यालयात संस्थेच्या समितीची पहिली बैठक झाली. ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर’ असे संस्थेचे नाव ठरले.

या नावातील ‘तात्पुरते’ हा शब्द महत्त्वाचा होता. हा आश्रम कुत्र्यांनी जन्मभर राहण्यासाठी नव्हता. हरवलेले कुत्रे मालकाला परत मिळावे आणि ठरावीक मुदतीत कोणी हक्क सांगायला आले नाही तर त्याला नवे घर शोधून द्यावे, हा त्यामागील विचार होता. निवारा हे मुक्कामाचे ठिकाण नसून घराकडे जाण्याचा टप्पा आहे, हे सूत्र मेरी यांनी आरंभीच घालून दिले. आजची दत्तक पद्धती याच सूत्रावर उभी आहे.

टीका मात्र तत्काळ सुरू झाली. ‘द टाइम्स’सारख्या प्रतिष्ठित वृत्तपत्राने या उपक्रमाची खिल्ली उडविली. लंडनमधील हजारो माणसे अर्धपोटी असताना कुत्र्यांवर पैसा खर्च करणे हा वेडेपणा आहे, असा टीकाकारांचा सूर होता. हा आक्षेप निराधार होता असे म्हणता येणार नाही. त्या शहरातील दारिद्र्य खरेच भीषण होते. मेरी यांनी मात्र माणसांवरील दया आणि प्राण्यांवरील दया यांत विरोध मानला नाही. त्या वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांनी काम चालू ठेवले.

१८६२ मध्ये चार्ल्स डिकन्स संपादक असलेल्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात एक लेख प्रसिद्ध झाला. एकीकडे उंची जातीच्या कुत्र्यांचे थाटामाटाचे प्रदर्शन आणि दुसरीकडे हॉलोवेच्या निवाऱ्यातील केविलवाणी कुत्री, अशी तुलना त्यात होती. या लेखाने संस्थेकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलण्यास हातभार लावला.

या बदलाची फळे पाहणे मेरी यांच्या नशिबी नव्हते. कर्करोगाने त्यांना ग्रासले. ३ ऑक्टोबर १८६५ रोजी बिगल्सवेड येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेला जेमतेम पाच वर्षे झाली होती.

संस्था मात्र टिकली. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना बेवारस कुत्री पकडण्याचा अधिकार मिळाला आणि त्यांना ठेवण्यासाठी या निवाऱ्याचा आधार घेतला जाऊ लागला. १८७१ मध्ये संस्था टेम्सच्या दक्षिणेस बॅटरसी येथे हलली. १८८३ पासून तेथे मांजरांनाही प्रवेश मिळाला. १८८५ मध्ये व्हिक्टोरिया राणीने संस्थेचे आश्रयदातेपद स्वीकारले. ज्या कार्याला वेडेपणा ठरविले गेले होते, त्याला अवघ्या पंचवीस वर्षांत राजमान्यता मिळाली.

मात्र हा इतिहास केवळ गौरवाचा नाही. पोलिसांनी आणलेल्या कुत्र्यांची संख्या वाढत गेली, तसतशी त्या सर्वांना घरे मिळणे अशक्य झाले. एकोणिसाव्या शतकात येथे आलेल्या असंख्य कुत्र्यांच्या वाट्याला अखेर मरणच आले. निवारा कितीही चांगला असला, तरी कुत्र्याला घरी नेणारी माणसे पुढे आली नाहीत तर तो अपुराच पडतो, हे कटू सत्य बॅटरसीने फार लवकर अनुभवले. दुसरीकडे, पहिल्या महायुद्धात आघाडीवर संदेश पोहोचविण्यासाठी शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांपैकी काही याच निवाऱ्यातून गेली होती. कोणालाच नको असलेली कुत्रीही किती उपयोगी पडू शकतात, हे त्यातून दिसले.

स्थापनेपासून आजवर बॅटरसीने तीस लाखांहून अधिक कुत्र्या-मांजरांना आसरा दिला आहे. मेरी टीलबी यांनी स्वतः त्यांपैकी फार थोडी पाहिली. पहिले कुत्रे तर त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. दुसऱ्यासाठी दार उघडे ठेवण्याचे त्यांनी तेव्हा ठरविले, आणि ते दार आजही उघडे आहे.