पंतय पिलात : इतिहासातला आणि रंगमंचावरचा

विश्वासांगीकार म्हणताना प्रभू येशूच्या नावाशिवाय आपण केवळ दोन माणसांची नावे उच्चारतो. एक पवित्र मरियेचे आणि दुसरे पंतय पिलाताचे. पिलात प्रेषित नव्हता, संदेष्टा नव्हता, तो तर आपल्या धर्माचाही नव्हता. तरीही शतकानुशतके दर रविवारी जगभरच्या मंदिरांत त्याचे नाव घेतले जाते. ख्रिस्ताचे दुःखसहन ही दंतकथा नसून अमुक सुभेदाराच्या कारकिर्दीत, अमुक प्रांतात घडलेली घटना आहे, असा तो तारखेचा शिक्का होय.

उपवासकाळ आला की आपल्या वसईतही दुःखसहनाच्या नाटिकांच्या तालमी सुरू होतात आणि पिलाताच्या भूमिकेसाठी खड्या आवाजाच्या माणसाचा शोध घेतला जातो. लाल झगा, उंच आसन, हात धुण्यासाठी पितळी भांडे आणि पाणी ओतणारा एक मुलगा एवढ्या सामग्रीवर हा प्रवेश उभा राहतो. प्रेक्षकांच्या मनात पिलाताविषयी बहुधा थोडी कणवच उरते : बिचारा चांगला होता, पण लोकांपुढे त्याचे काही चालले नाही. ही कणव इतिहासाला कितपत धरून आहे, हे पाहण्यासाठी आम्ही त्याचे चरित्र येथे मांडत आहोत.

पिलाताचा जन्म, बालपण आणि शिक्षण यांविषयी विश्वसनीय असे काहीच हाती लागत नाही. तो रोमच्या अश्वारूढ वर्गातला होता, म्हणजे सरदारांच्या खालच्या पायरीवरचा. सम्राट तिबेरियसच्या राजवटीत इ. स. २६ च्या सुमारास त्याची यहुदियावर नेमणूक झाली आणि सुमारे दहा वर्षे तो त्या पदावर होता. त्याच्या पदाला पुष्कळ काळ प्रोक्युरेटर म्हटले जाई, कारण रोमन इतिहासकार टॅसिटसने तसे लिहून ठेवले होते. १९६१ साली ती चूक दुरुस्त झाली. समुद्रकाठच्या कैसरिया या नगरीत आंतोनियो फ्रोव्हा यांच्या नेतृत्वाखाली इटालियन संशोधक उत्खनन करीत असताना त्यांना एक कोरीव शिळा मिळाली. तीवर तिबेरियसच्या नावे उभारलेल्या वास्तूचा उल्लेख होता, पिलाताचे नाव होते आणि त्याचा हुद्दा प्रिफेक्ट असा होता. विशेष म्हणजे ही शिळा सापडली ती नाट्यगृहात. चौथ्या शतकात त्या नाट्यगृहाची डागडुजी करताना कोणीतरी ती उचलून पायरीसाठी वापरली होती. ज्याला पुढे शेकडो रंगमंचांवर उभे राहायचे होते, त्याच्या नावावर प्रेक्षक पाय देऊन चढत असत! मूळ शिळा आज यरुशलेमच्या इस्रायल संग्रहालयात आहे.

कैसरिया हे सुभेदाराचे मुख्य ठाणे होते. कर्नेल्य शताधिपतीचा बाप्तिस्मा याच नगरीत झाला आणि संत पौल येथेच कैदेत होता. मोठ्या सणांच्या वेळी यरुशलेमेत गर्दी उसळे, तेव्हा पिलात शिपाई घेऊन तेथे जाई. त्याचा मुक्काम बहुधा शहराच्या पश्चिम भागातील हेरोदाच्या राजवाड्यात असे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. आपले यात्रेकरू क्रुसाची वाट अंतोनिया गढीच्या जागेपासून चालू लागतात. ती परंपरा नंतरची आहे, म्हणून तिचे पावित्र्य उणे होत नाही.

पिलात हळव्या मनाचा होता, असे त्याच्या समकालीनांना मुळीच वाटत नव्हते. यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की, त्याने रातोरात सम्राटाच्या प्रतिमा असलेली लष्करी निशाणे यरुशलेमेत आणविली. मूर्ती निषिद्ध मानणारे लोक कैसरियाला धावले आणि कित्येक दिवस त्याच्या दारी बसून राहिले. शिपायांनी वेढा घालून तरवारी उपसल्या, तेव्हा त्यांनी जमिनीवर पडून माना पुढे केल्या. नि:शस्त्र लोकांची ती तयारी पाहून पिलाताने निशाणे परत नेली. पुढच्या खेपेस तो सावध झाला. यरुशलेमेला पाणी आणण्यासाठी त्याने मंदिराच्या पवित्र निधीला हात घातला आणि लोक जमले, तेव्हा साध्या वेशातले शिपाई गर्दीत पेरून त्यांच्याकरवी सोटे चालविले. अनेक जण प्राणास मुकले. आलेक्सांद्रियाचा फिलो तर त्याच्यावर लाचखोरी, क्रौर्य आणि चौकशीविना दिलेल्या देहदंडांचे आरोप करतो. फिलोच्या लिखाणात रागाचा भाग आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु गालीलकरांचे रक्त पिलाताने त्यांच्या यज्ञबळींत मिसळले, अशी बातमी संत लूकनेही नोंदविली आहे.

अशा माणसासमोर प्रभू येशू उभा केला गेला. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. पण संत योहानाने तो जसा रचला आहे, तसा नाटककारालाही सहज जमणार नाही. बाहेर जमाव, आत कैदी आणि त्या दोहोंच्या मध्ये सतत ये-जा करणारा न्यायाधीश. आत-बाहेर, आत-बाहेर असे सात प्रवेश अभ्यासक मोजतात. पिलात कैद्याला निर्दोष ठरवितो, तरी त्याला फटके मारवितो. सत्याविषयी प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून जातो. अखेर तू सम्राटाचा मित्र नाहीस, या धमकीपुढे तो नमतो. संत मत्तयने आणखी दोन गोष्टी दिल्या : पत्नीचे स्वप्न आणि हात धुणे. नाटिकांनी नेमक्या याच दोन गोष्टी उचलल्या, कारण त्या डोळ्यांना दिसतात. आमच्या मते पिलाताचा खरा गुन्हा ते पाणी नव्हे. कैदी निर्दोष आहे हे कळल्यानंतरही त्याला सोडण्याचा अधिकार ज्याच्या एकट्याच्या हाती होता, त्यानेच तो वापरला नाही.

त्याची कारकीर्द संपली ती दुसऱ्याच रक्तपातामुळे. गरिझीम डोंगराकडे निघालेल्या शोमरोनी लोकांवर त्याने सैन्य घातले. त्यांची तक्रार सिरियाचा अधिपती वितेल्लियस याच्याकडे गेली आणि त्याने पिलाताला जबाब देण्यासाठी रोमला धाडले. तो पोहोचण्यापूर्वीच, इ. स. ३७ च्या मार्चमध्ये, तिबेरियस मरण पावला. येथे इतिहासाचा पडदा पडतो. त्याने आत्महत्या केली, असे चौथ्या शतकातील युसेबियस म्हणतो. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नजवळच्या पिलातुस डोंगरावरील तळ्यात त्याचे प्रेत टाकले, अशी दंतकथा आहे. इथिओपियाच्या ख्रिस्तसभेने मात्र त्याला संतांत बसविले!

रंगमंचाने तर त्याला निवृत्त होऊच दिले नाही. मध्ययुगीन इंग्लंडच्या धार्मिक नाटकांत पिलात इतका गरजत असे की, आरडाओरडा करणाऱ्याच्या आवाजाला कवी चॉसरने पिलाताच्या आवाजाची उपमा दिली. आपल्या भाषेतही तो जुनाच आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या क्रिस्तपुराणात तो भेटतो. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस यांचे दुःखसहनावरील पुराण १६५९ साली लिस्बनला छापले गेले, तेही उत्तर कोकणच्या मराठीत.

या नाटकांचा एक काळा पैलूही आहे. पिलाताला जितके सौम्य रंगवावे, तितका दोष यहुदी समाजाच्या माथी जातो. युरोपात पवित्र आठवड्यात यहुद्यांवर हल्ले होत, त्याला अशा नाटकांनी आणि प्रवचनांनी खतपाणी घातले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी नोस्त्रा एताते या घोषणापत्रातून स्पष्ट केले की, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर सरसकट ठेवता येणार नाही. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ गावी १६३४ पासून नवसाचे दुःखसहन नाटक होते. तेथेही संहिता बदलली. २००० सालापासून जमावाच्या तोंडचा शापाचा उद्गार गाळला गेला आणि पिलात अधिक निष्ठुर झाला.

आपल्याकडे संहिता लिहिणाऱ्या तरुणांनी हा बदल ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे. जमावाला दाढी आणि टोप्या चढवून विकट हसायला लावणे सोपे असते. शुभ शुक्रवारच्या उपासनेत मात्र संत योहानाचे दुःखसहन वाचताना पिलाताचे शब्द एक वाचक म्हणतो आणि जमावाचे शब्द बाकावरून आपण सर्व जण म्हणतो.