मोटार जुळविणे आणि मोटार घडविणे

कर्जत स्थानकात गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात आणि मग ती बोरघाट चढू लागते. १८६३ साली हा लोहमार्ग खुला झाला तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे गाडीला थांबून दिशा उलटी करावी लागे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नवे बोगदे खोदून ती अडचण दूर करण्यात आली. या घाटातील बोगद्यांचे कंत्राट वालचंद हिराचंद यांच्याकडे होते. खालापूर तालुक्यातील खोपोलीहून घाटरस्त्याने पुढे अनेक वर्षे ज्या डॉज व फार्गो मालमोटारी आणि फियाट गाड्या धापा टाकीत वर चढल्या, त्यांचा उगमही याच गृहस्थांपाशी सापडतो.

सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. पदवी पदरात पडण्यापूर्वीच त्यांनी शिक्षण सोडले. सावकारी व कापसाचा घरचा व्यवसाय सुरक्षित होता. परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदार झालेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून दोघांची भागीदारी सुरू झाली. १९१९ साली वालचंद सिंदिया कंपनीच्या स्थापनेत सहभागी झाले व परकी जहाज कंपन्यांशी त्यांची दीर्घ झुंज जुंपली. परक्यांनी दरयुद्ध पुकारले आणि सरकार तटस्थ राहिले, तर देशी भांडवलाची कशी दैना होते, हे त्यांनी येथे अनुभवले.

मोटारींची गोष्ट वेगळी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत कारखाना काढला. फोर्डनेही आपले बस्तान बसविले. पण तेथे होत असे ती केवळ जुळणी. सुटे भाग पेट्यांतून यावयाचे आणि येथील कामगारांनी ते जोडावयाचे. इंजिन, दंतचक्रे, ओतकाम यांतील कौशल्य आणि त्या कौशल्याचे मोल परदेशीच राहत असे. मोटारीच्या कारखान्याभोवती जे शेकडो लहान कारखाने वाढतात, ते जुळणीने वाढत नाहीत. हा मुद्दा सर विश्वेश्वरय्या १९३० नंतरच्या दशकात आग्रहाने मांडत होते. वालचंदांनी तो उचलून धरला.

१९३९ साली वालचंद अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणी फळाला आली नाहीत. क्रायस्लरशी मात्र पुढे करार झाला. परतीच्या विमानप्रवासात एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि त्यातून १९४० साली बंगलोरचा विमान कारखाना उभा राहिला! मोटारीच्या शोधात गेलेल्या माणसाच्या हाती आधी विमान लागावे, हा योगायोग खरा; पण युद्धासाठी विमाने हवी असलेल्या सरकारची गरज त्यामागे होती, हे विसरता येत नाही. मोटारीच्या बाबतीत तशी निकड सरकारला वाटली नाही. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने भांडवलावरील परताव्याची हमी देण्याची तयारी दर्शविली होती; नोव्हेंबर १९३९ मध्ये ते पायउतार झाले. युद्धकार्यास हा उद्योग आवश्यक नाही, असे दिल्लीचे मत पडले. सैन्याला हजारो मालमोटारी लागत असताना हे मत द्यावयास विलक्षण धैर्य लागले असले पाहिजे.

अखेरीस १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. प्रारंभी तीही बव्हंशी जुळणीच होती. फरक होता तो सुटे भाग क्रमाक्रमाने येथे बनविण्याच्या संकल्पात. स्वतंत्र सरकारने हाच संकल्प धोरण म्हणून स्वीकारला, तेव्हा १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड यांना येथून काढता पाय घ्यावा लागला.

वालचंदांनी मागितलेले संरक्षण असे मिळाले. पण ते बाळगुटी म्हणून मागितले होते, आजन्म आहार म्हणून नव्हे. परवान्यांच्या राज्यात स्पर्धा उरली नाही, ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसला आणि इटलीत कालबाह्य झालेली फियाट येथे ‘पद्मिनी’ या नावाने शतकाअखेरपर्यंत निघत राहिली. याचा दोष संस्थापकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९४९ मध्येच पक्षाघाताने त्यांना गाठले होते आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निघाली, तेव्हा कुर्ल्याचा तो कारखाना बंद होऊन दोन दशके उलटून गेली होती.