इटलीच्या पंतप्रधानानं वाइनचा फॉर्म्युला दिला, कायदा करताना त्यातली महत्त्वाची अटच गळाली

इटालियन हॉटेलच्या मेन्यूवर 'कियांती' हे नाव तुम्ही वाचलं असेल. जुन्या सिनेमांत टेबलावर गवताच्या वेष्टनातली गोलमटोल बाटली दिसते, ती बहुतेक वेळा याच वाइनची असते. इटलीच्या टस्कनी प्रांतातली ही रेड वाइन जगभर विकली जाते.

आता गंमत बघा. या वाइनचा फॉर्म्युला ज्यांनी दिला, ते दोनदा इटलीचे पंतप्रधान होते. नाव बेत्तिनो रिकासोली. लोक त्यांना 'लोखंडी बॅरन' म्हणायचे.

त्यांच्या मृत्यूनंतर ८७ वर्षांनी इटलीनं कियांतीसाठी नियम केले. त्याला आधार होता रिकासोलींच्या फॉर्म्युल्याचा. पण त्या नियमांनी कियांतीचं नाव वाढण्याऐवजी खराब झालं. असं का झालं, हे समजायचं तर आधी हा माणूस समजून घ्यावा लागतो.

अठराव्या वर्षी घराची जबाबदारी

बेत्तिनो रिकासोली यांचा जन्म ९ मार्च १८०९ चा, फ्लॉरेन्समधला. घराणं जुनं आणि मोठं. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ भागात ब्रोलिओ नावाचा किल्ला आहे. तो ११४१ पासून रिकासोली घराण्याकडं होता.

नाव मोठं असलं तरी घराण्यावर कर्जाचा डोंगर होता. आईवडील दोघंही गेले, तेव्हा बेत्तिनो अठराच्या आसपास होते. धाकट्या भावांना सांभाळणारं कुणी नव्हतं आणि कायद्यानं तेही अजून सज्ञान नव्हते. मग टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं, म्हणजे तिथल्या राजानं, खास हुकूम काढून त्यांना सज्ञान ठरवलं आणि भावांचं पालकत्व त्यांच्याकडं दिलं.

शिक्षण अर्धवट राहिलं. हिशेबाच्या वह्या हातात आल्या. खर्च कापायचा आणि जमिनीतून जास्त उत्पन्न काढायचं, एवढे दोनच मार्ग समोर होते.

पार्टीतून थेट किल्ल्यावर

१८३० मध्ये त्यांचं लग्न आन्ना बोनाक्कोर्सी यांच्याशी झालं. त्यांच्या संसाराचा एक किस्सा टस्कनीत आजही सांगतात. फ्लॉरेन्सला एका नाचाच्या पार्टीत एक तरुण आन्नाभोवती जरा जास्तच घुटमळत होता. बॅरननी बायकोला बाहेर आणलं, बग्गीत बसवलं आणि घरी न जाता रातोरात ब्रोलिओचा रस्ता धरला. किस्सा खरा किती आणि रंगवलेला किती, हे सोडून देऊ. पण १८३८ मध्ये हे कुटुंब शहर सोडून किल्ल्यावर राहायला गेलं, हे खरं आहे. बॅरननी एकुलत्या एका मुलीचं, एलिझाबेत्ताचं शिक्षणही तिथंच स्वतः लक्ष घालून केलं.

त्या काळी टस्कनीत जमीन कसण्याची पद्धत होती 'मेझ्झाद्रिया'. आपल्याकडं बटईनं जमीन कसतात, साधारण तसंच. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. बॅरन अशा कुळांच्या मधे जाऊन राहिले. त्यांनी कुळांसाठी शेतीची नियमावली लिहिली. शेतीबरोबर प्रार्थना, शिस्त आणि नीतीचे धडेही द्यायचे. कुळांची काळजी घ्यायचे, पण सगळे निर्णय स्वतःच घ्यायचे. 'लोखंडी' हे विशेषण त्यांना पुढं राजकारणात चिकटलं, पण त्याची चुणूक ब्रोलिओतल्या कुळांना आधीच दिसली होती.

द्राक्षांवर तीसहून जास्त वर्षं

तेव्हाची कियांती आजच्यासारखी नव्हती. वेगवेगळ्या जातींची द्राक्षं एकाच शेतात मिसळून लावलेली असायची. मळाही एकत्र व्हायचा. एक वर्ष वाइन बरी, दुसऱ्या वर्षी आंबट. लांबच्या प्रवासात ती टिकेल याची खात्री नव्हती. याउलट फ्रेंच वाइन जगभर जात होती आणि चांगला भाव खात होती.

टस्कनीची वाइनही बाहेर जाऊन टिकली पाहिजे, हे बॅरननी मनावर घेतलं. १८५१ मध्ये ते फ्रान्सला जाऊन तिथले मळे आणि वाइन करायची पद्धत बघून आले. ब्रोलिओत त्यांनी द्राक्षांच्या जाती तपासायला घेतल्या. कुठल्या जातीनं वास येतो, कुठलीनं चव, कुठलीचं प्रमाण किती ठेवलं की वाइन टिकते, हे ते वर्षानुवर्षं करून बघत राहिले. वाइन वर्षातून एकदाच होते, त्यामुळं प्रयोग चुकला तर पुन्हा करायला पुढच्या हंगामाची वाट बघावी लागते. हे काम तीसहून जास्त वर्षं चाललं, यात नवल नाही.

मधेच देश घडवायला गेले

या काळात आजचा इटली देश अस्तित्वात नव्हता. वेगवेगळी संस्थानं होती, काही भाग ऑस्ट्रियाकडं होता, तर रोम पोपकडं. १८४७ मध्ये रिकासोलींनी 'ला पात्रिया' हे वृत्तपत्र सुरू केलं. १८४८ मध्ये ते फ्लॉरेन्सचे नगरप्रमुख झाले, पण ग्रँड ड्यूकशी पटेना म्हणून राजीनामा देऊन परतले.

खरी वेळ आली १८५९ मध्ये. लोकांचा उठाव झाला, ग्रँड ड्यूक टस्कनी सोडून गेले आणि सूत्रं रिकासोलींच्या हातात आली. टस्कनीनं वेगळं राज्य राहावं, असं युरोपातल्या काही मोठ्या सत्तांना वाटत होतं. बॅरन मात्र एकाच गोष्टीवर अडून राहिले. टस्कनीनं पिएमोंतच्या राज्यात सामील व्हायचं आणि त्यातून एक इटली उभी करायची. मार्च १८६० मध्ये मतदान झालं. ३ लाख ६६ हजारांहून जास्त मतं सामील होण्याच्या बाजूनं पडली. विरोधात १५ हजारसुद्धा नाहीत.

१८६१ मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं. पहिले पंतप्रधान कावूर जूनमध्ये वारले आणि त्यांच्या जागी रिकासोली आले. त्यांनी गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांना सैन्यात घेतलं आणि मॅझिनीवरचा हद्दपारीचा हुकूम मागं घेतला. मॅझिनी म्हणजे तेच, ज्यांचं आत्मचरित्र सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणलं.

तडजोडीचं राजकारण मात्र रिकासोलींना कधी जमलं नाही. १८६२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १८६६ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. तेव्हा प्रशियाशी केलेला करार मोडला तर व्हेनिस देऊ, असा प्रस्ताव फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनकडून आला. त्यांनी तो नाकारला. शेवटी युद्धानंतर त्याच वर्षी व्हेनिस इटलीत आलं. पुढं प्रशियानं मानाचं पदक देऊ केलं, तेही त्यांनी घेतलं नाही. कारण, प्रशियाशी करार घडवून आणणाऱ्या ला मार्मोरा यांना ते मिळणार नव्हतं.

१८६७ मध्ये चर्चच्या मालमत्तेच्या प्रश्नावर संसद त्यांच्या विरोधात गेली. त्यांनी पद सोडलं आणि सक्रिय राजकारणातून जवळजवळ बाहेर पडले.

ते पत्र

ब्रोलिओत परतल्यावर, वयाच्या ६३ व्या वर्षी, म्हणजे १८७२ मध्ये त्यांनी पिसा विद्यापीठातले प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहिलं. इतक्या वर्षांच्या प्रयोगांचं सार त्यात होतं.

त्यांच्या मते वाइनला मुख्य वास आणि जोर मिळतो सांजोव्हेजे या काळ्या द्राक्षातून. कानायोलो हे दुसरं काळं द्राक्ष त्याचा कडकपणा कमी करतं. तिसरं माल्वाझिया. हे पांढरं द्राक्ष, म्हणजे आपल्या भाषेत हिरवं. त्यानं वाइन हलकी होते आणि रोजच्या जेवणाबरोबर लवकर पिता येते.

इथंच त्यांनी एक अट घातली होती. जी वाइन वर्षानुवर्षं ठेवून मुरवायची आहे, तिच्यात माल्वाझिया नसलं तरी चालेल.

रोजच्या आणि मुरवायच्या वाइनमधला हा फरक पूर्ण फॉर्म्युल्याचा गाभा होता. २३ ऑक्टोबर १८८० रोजी ब्रोलिओतच बॅरन गेले. पौर्णिमेच्या रात्री ते पांढऱ्या घोड्यावरून मळ्यांत फिरताना दिसतात, अशी दंतकथा तिथं आहे.

कायद्यानं काय केलं?

१९६७ मध्ये कियांतीला डीओसी दर्जा मिळाला. म्हणजे कुठल्या भागातली, कुठल्या द्राक्षांची आणि किती प्रमाणाची वाइन हे नाव लावू शकते, याचे नियम ठरले. या नियमांनी कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली.

बॅरननी जे रोजच्या वाइनसाठी सुचवलं होतं, ते सगळ्यांना लागू झालं. त्यात माल्वाझियाबरोबर त्रेब्बियानो हे द्राक्षही चाललं. ते भरपूर पिकतं, पण चवीला फिकं. परिणाम काय व्हायचा तो झाला. पातळ, स्वस्त कियांती बाजारात भरली. १९७० च्या दशकात खुद्द ब्रोलिओचा वाइन व्यवसायही घराण्याकडून परदेशी कंपनीकडं गेला.

काही उत्पादकांनी मग सरळ नियमच सोडला. आंतिनोरी घराण्यानं १९७१ मध्ये तिन्यानेल्लो ही वाइन काढली आणि १९७५ पासून तिच्यातली पांढरी द्राक्षं पूर्ण बंद केली. कायद्यानं ती साधी 'टेबल वाइन' ठरली, पण कियांतीपेक्षा महाग विकली गेली. अशा वाइनना पुढं 'सुपर टस्कन' म्हणू लागले.

सिरा कुठून आली?

नियमाच्या बाहेर पाऊल पडल्यावर टस्कनीत फ्रेंच द्राक्षांचे प्रयोग वाढले. त्यातलंच एक सिरा. नाशिकच्या वाइनच्या बाटलीवर 'शिराझ' लिहिलेलं असतं, ते हेच द्राक्ष. मूळ फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं. गडद रंग आणि मिरीसारखा वास, ही त्याची ओळख.

कियांती भागातल्या फोंतोदी आणि इझोले ए ओलेना या नावाजलेल्या इस्टेट सिराची वेगळी वाइन करतात. पण सिराच्या बाटलीवर कियांती असं लिहिता येत नाही. ती आयजीटी या मोकळ्या वर्गात विकली जाते. टस्कनीतल्याच कोर्तोना गावाला १९९९ मध्ये स्वतःचा डीओसी दर्जा मिळाला आणि ते सिरासाठीच ओळखलं जातं.

वरवर बघता हे बॅरनच्या फॉर्म्युल्याला सोडून आहे. पण ते स्वतः काय करत होते? बाहेरच्या देशात जाऊन बघायचं, जात तपासायची, वर्षानुवर्षं थांबायचं आणि पटलं तरच ठेवायचं. सिराचे प्रयोग करणारे शेतकरी हेच करतायत.

फॉर्म्युला परत जागेवर

हळूहळू कायदाही सुधारला. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांची सक्ती खूप कमी झाली. १९९६ मध्ये कियांती क्लासिको या मूळ भागाला निव्वळ सांजोव्हेजेची वाइन करायची मुभा मिळाली आणि २००६ पासून तिथं पांढरी द्राक्षं पूर्ण बंद झाली. आता तिथं किमान ८० टक्के सांजोव्हेजे लागतं आणि उरलेल्या भागात सिरासारखी काळी द्राक्षंही चालतात.

ब्रोलिओचा व्यवसाय १९९३ मध्ये पुन्हा घराण्याकडं आला. आज तिथं निव्वळ सांजोव्हेजेचीही वाइन होते. आणि हे द्राक्ष बघायला इटलीलाच जावं लागतं असंही नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला टस्कनीतल्या लोकांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या मळ्यांमध्ये सांजोव्हेजे पिकतं.

१८७२ च्या पत्रात बॅरननी मुरवायच्या वाइनबद्दल जे लिहिलं होतं, तिथं पोचायला कायद्याला १९९६ साल उजाडावं लागलं. म्हणजे तब्बल १२४ वर्षं.