एमिल बोदो: दोन यंत्रांना एका तालावर आणणारा माणूस

दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा किंवा कारखान्यातले एखादे जुने यंत्र केबलने संगणकाला जोडले जाते. केबल ठीक असते, वीजही चालू असते, तरी पडद्यावर आकड्यांऐवजी प्रश्नचिन्हे, चौकोन आणि भलतीच अक्षरे उमटतात. अशा वेळी बहुधा यंत्र बिघडलेले नसते. एका बाजूच्या सेटिंगमध्ये ९६०० आणि दुसऱ्या बाजूला ४८०० असा आकडा असतो, एवढेच. या आकड्याला 'बॉड रेट' म्हणतात. हा 'बॉड' शब्द एमिल बोदो या फ्रेंच तार कर्मचाऱ्याच्या आडनावावरून आला. दोन टोकांच्या यंत्रांची गती जुळली नाही तर काय होते, हा प्रश्न त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी हाताळला होता.

शेतकऱ्याचा मुलगा

बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ओत-मार्न भागातील मान्यो या गावी झाला. वडील शेतकरी होते. एमिल यांचे शिक्षण गावातल्या प्राथमिक शाळेपुरतेच झाले आणि पुढे ते वडिलांना शेतीत मदत करू लागले. १८६९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते फ्रान्सच्या तार खात्यात शिकाऊ म्हणून दाखल झाले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जे शिकले ते खात्याच्या प्रशिक्षणात आणि प्रत्यक्ष यंत्रावर बसून.

तिथे त्यांना दोन पद्धती शिकवल्या गेल्या. पहिली मोर्सची. तिच्यात प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी असते आणि संदेश उलगडायला तरबेज माणूस लागतो. दुसरी डेव्हिड ह्यूज यांच्या छापणाऱ्या तारयंत्राची. त्यात पियानोसारख्या पट्ट्या असत आणि दुसऱ्या टोकाला थेट अक्षरे छापली जात. त्यासाठी दोन्हीकडची चाके एकाच गतीने फिरावी लागत. गती जरा चुकली की एका अक्षराऐवजी शेजारचे अक्षर छापले जाई.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात काही काळ सेवा करून बोदो १८७२ मध्ये पॅरिसला कामावर परतले. ह्यूज यंत्रावर काम करताना त्यांच्या लक्षात आले, की माणूस अक्षर निवडेपर्यंत महागडी तार बराच वेळ रिकामी पडून राहते. ती मोकळी वेळ दुसऱ्या कुणाला का देऊ नये?

पाच कळा आणि फिरते चाक

या प्रश्नाचे त्यांनी शोधलेले उत्तर दोन भागांत होते. पहिला भाग म्हणजे प्रत्येक अक्षराला सारख्याच लांबीची पाच संकेतांची जागा. प्रत्येक जागी दोनच शक्यता, त्यामुळे एकूण ३२ जुळण्या होतात. अक्षरे आणि आकडे मिळून एवढ्यात मावत नाहीत, म्हणून 'आता अक्षरे' आणि 'आता आकडे' असे सांगणारे दोन खास संकेत ठेवले. आजच्या भाषेत हा पाच बिटांचा कोड झाला.

दुसरा भाग होता वितरकाचा. तारेच्या दोन्ही टोकांना एकाच गतीने फिरणारे यंत्र बसवले. ते फिरता फिरता तार आधी पहिल्या कर्मचाऱ्याला जोडी, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. एका तारेवर अनेक संदेश पाळीपाळीने जाऊ लागले.

कर्मचाऱ्यासमोर फक्त पाच कळा असत, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला. आपली पाळी आल्याची खूण म्हणून यंत्र 'खट्' असा आवाज करी आणि त्या ठेक्यावर अक्षराच्या कळा दाबाव्या लागत. चाक मिनिटाला साधारण १८० फेरे घेई. म्हणजे एका सेकंदात तीन अक्षरे, तीही न चुकता. ठेका चुकला तर संदेशात भलतेच अक्षर जाई. इथे यंत्रांइतकेच माणसांनाही ताल सांभाळावा लागत होता.

श्रेयाचा वाद आणि विकलेले पदक

१७ जून १८७४ रोजी बोदो यांनी पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी तार खात्याने ही पद्धत स्वीकारली. १२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस आणि बोर्दो यांच्यात तिची प्रत्यक्ष चाचणी झाली. १८७८ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले.

यातले सगळेच तुकडे बोदो यांचे स्वतःचे नव्हते. छापण्याची कल्पना ह्यूज यांची, तार वाटून देण्याची मेयर यांची, तर पाच एककांचा संकेत गाउस आणि वेबर यांच्या काळापासून माहीत होता. बोदो यांनी हे सगळे एकत्र आणून रोज चालणारे यंत्र उभे केले. तरीही तार खात्यातील लुई मिमो यांनी श्रेयावर दावा सांगितला आणि वाद न्यायालयात गेला. तो कडवट ठरला.

पैशाचीही ओढाताण होतीच. संशोधनाला खात्याकडून पुरेशी मदत मिळत नसे, म्हणून बोदो बऱ्याचदा पदरचे पैसे घालत. १८८० मध्ये त्यांना प्रदर्शनातले ते सुवर्णपदकही विकावे लागले. नोकरीच्या सुरुवातीलाच जडलेल्या आजारपणाने आयुष्यभर पाठ सोडली नाही. पण काम थांबले नाही. १८८२ मध्ये ते खात्यात निरीक्षक-अभियंता झाले, आणि १८९४ मध्ये पॅरिस व मिलान या शहरांतील शेअर बाजार त्यांनी एकाच तारेने जोडले. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी, ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नाव उरले, ताल बदलला

पुढे डोनाल्ड मरे यांनी या कोडची मांडणी बदलली. टंकलेखनासारखा कळफलक आला आणि माणसाला ठेका धरण्याची गरज उरली नाही. टेलिप्रिंटरमध्ये प्रत्येक अक्षराच्या आधी 'सुरुवात' आणि शेवटी 'थांबा' असे संकेत जोडले गेले. त्यामुळे दोन्ही यंत्रे सतत एका तालात फिरत ठेवावी लागत नाहीत. प्रत्येक अक्षराला घड्याळ नव्याने जुळते. बोदो यांच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने, संकेतांची गती मोजण्याच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. एका सेकंदात तारेची स्थिती जितक्या वेळा बदलू शकते, तितके बॉड.

आजची सिरियल जोडणी याच रीतीने चालते. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. वाचणारे यंत्र ४८०० वर असेल तर ते २०८ मायक्रोसेकंदांनी एकदा पाहते. मधले बिट निसटतात आणि पडद्यावर कचरा येतो. शिवाय दर अक्षराचे डेटा बिट, पॅरिटी आणि थांबा-बिट हेही दोन्हीकडे सारखे लागतात. एक बाजू 'सात बिट, सम पॅरिटी' आणि दुसरी 'आठ बिट, पॅरिटी नाही' अशी असेल, तर इंग्रजी ए आणि बी ही अक्षरे नीट दिसतात, पण सी बिघडतो. कारण सीमध्ये एकांची संख्या विषम असते. ती सम करण्यासाठी जोडलेला पॅरिटी बिट दुसरी बाजू अक्षराचाच भाग समजते.

म्हणून सगळाच मजकूर अगम्य असेल तर आधी बॉड रेट तपासावा, आणि काही अक्षरे बरोबर, काही चूक असतील तर पॅरिटी व डेटा बिट. केबल बदलण्याची वेळ त्यानंतर येते. पाच कळांवर बोटे ठेवून 'खट्' आवाजाची वाट पाहणाऱ्या तार कर्मचाऱ्यालाही हेच सांभाळावे लागत होते: तार कितीही चांगली असली, तरी दोन्ही टोकांचा ताल एक हवा.