ठगांचा कर्दनकाळ आणि लाखोरीची डाळ

पवनी तालुक्यात कोंढ्याच्या बाजूला धान कापणीला येण्याआधीच ओल्या बांधीत लाखोरी फेकतात. नांगरट नको, पाणी नको. हिवाळ्यात तिच्या पाल्याची भाजी होते, पुढे डाळीचे वडे. या गरिबाच्या पिकाशी ठगांचा कर्दनकाळ विल्यम स्लीमन याचा संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

स्लीमन १७८८ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा जन्मलेला. १८०९ मध्ये तो कंपनीच्या फौजेत आला, नेपाळच्या युद्धात लढला आणि १८२० पासून सागर-नर्मदा मुलखात मुलकी अधिकारी झाला. ठगांच्या टोळ्या त्याने कशा मोडल्या, हे सर्वश्रुतच आहे. पण या माणसाला शेतातही तितकाच रस होता. मॉरिशसचा ऊस त्याने जबलपुराकडे आणवला.

त्या मुलखात १८२९ साली गारपिटीने गहू झोपला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला आणि १८३१ मध्ये तांबेरा पडला. लोक दोष देत पापाला, नाहीतर सरकारी मोजणीला. स्लीमनने मात्र काडीवरच्या बुरशीकडे बोट दाखवले. गहू गेला, पण त्यात उगवलेली तिवडा, म्हणजे आपली लाखोरी, माजली. लोक तिच्यावरच जगले. १८३३ पासून तिशीच्या आतली धडधाकट माणसे एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली. म्हणजे बुरशीने अंगात विष घातले नव्हते. तिने ताटातला गहू तेवढा पळवला. विष लाखोरीच्या दाण्यातच होते. १८४४ च्या आपल्या प्रवासवर्णनात स्लीमनने हे सारे नोंदवून ठेवले.

ते विषद्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी ओळखले १९६४ मध्ये. त्याआधीच, १९६१ साली, विक्रीवर बंदी आली होती. पेरा काही थांबला नाही. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोरीच खाल्ली तर धोका. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले, की विष बरेच उतरते. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत ते मुळातच कमी असते.

स्लीमन पुढे लखनौचा रेसिडेंट झाला. अवध खालसा करू नये, असे त्याचे मत होते. कंपनीने ते ऐकले नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि तीनच दिवसांनी, मायदेशी परतताना, सिलोनजवळ बोटीवर त्याचा मृत्यू झाला.