भरलेली रायफल आणि न्यायमूर्ती जॅक्सन

फायरिंग रेंजवर आम्ही सर्वांत आधी रायफल रिकामी करायला शिकलो. गोळ्या झाडून झाल्या की ‘खाली कर’ हा हुकूम होतो. चेंबर रिकामे असल्याची खात्री उस्ताद स्वतः करतात आणि मगच रायफल कोतमध्ये परत जाते. हाच धडा अमेरिकेतील एका न्यायाधीशाने आपल्या देशाला दिला होता, हे मला यंदा वाचनात आले. त्यांचे नाव रॉबर्ट जॅक्सन.

जॅक्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८९२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, एका शेतावरच्या घरी झाला. ते कॉलेजात गेले नाहीत. वकिलाच्या कचेरीतील उमेदवारी आणि ऑल्बनीच्या लॉ स्कूलमधील एक वर्ष, एवढ्या शिदोरीवर ते वकील झाले. न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन या छोट्या शहरात त्यांनी सुमारे वीस वर्षे वकिली केली. १९४० मध्ये ते अ‍ॅटर्नी जनरल आणि १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्याच वर्षी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली.

युद्ध ऐन भरात असताना वेस्ट व्हर्जिनियातील शाळकरी मुलांचा खटला न्यायालयापुढे आला. त्यांच्या धर्मपंथाला मान्य नसल्याने ती ध्वजाला सलामी देत नव्हती, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. १४ जून १९४३ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. तो जॅक्सन यांनी लिहिला. नागरिकाने मनात काय मानावे हे कोणताही सरकारी अधिकारी ठरवू शकत नाही, असे त्याचे सार होते.

खरे सांगतो, मला हा निकाल आधी पटला नाही. मी रोज सकाळी तिरंग्याला अभिमानाने सलामी देतो. पण शाळेतून काढतील या भीतीने कोणी हात उचलला, तर त्या सलामीत ध्वजाचा मान किती उरेल? पुढे १९८६ मध्ये केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढल्याचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात आला. मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश देताना आपल्या न्यायमूर्तींनीही या निकालाचा आधार घेतला.

दुसरी कसोटी अधिक कठीण होती. १९४२ मध्ये सुरक्षेच्या नावाखाली सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून हलवून छावण्यांत ठेवले गेले. त्यांतील बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक होते. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या फ्रेड कोरेमात्सू यांनी घर सोडायला नकार दिला. डिसेंबर १९४४ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले. विरोधी मत देणाऱ्या तिघांत जॅक्सन होते. युद्धात सेनापतीला कठोर हुकूम द्यावे लागतात, हे त्यांना मान्य होते. मात्र सैन्याचा हुकूम संकटाबरोबर संपतो आणि न्यायालयाने त्याला योग्य ठरवले की तो कायदा होऊन मागे राहतो. मग तो भरलेल्या शस्त्रासारखा पडून राहील आणि निकड दाखवून कोणीही उचलेल, हा त्यांचा इशारा होता.

युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवर खटला चालला, तेव्हा जॅक्सन अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता होते. तिथे शत्रूलाही वकील मिळाला आणि पुराव्याअभावी तिघे सुटलेही. ९ ऑक्टोबर १९५४ रोजी जॅक्सन यांचे निधन झाले.

कोरेमात्सू यांची शिक्षा १९८३ मध्ये रद्द झाली. १९८८ मध्ये सरकारने माफी मागून छावण्यांतील हयात लोकांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे ठरवले. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. शस्त्र रिकामे व्हायला ७४ वर्षे लागली.

मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. उद्या माझ्या हाती शस्त्र असेल आणि हुकूम देण्याचा अधिकारही. काम संपल्यावर दोन्ही रिकामे करून परत ठेवायचे, हे मी जॅक्सन यांच्याकडून शिकलो.